दाताळ्याचं तोंड कुणीकडं

मी चौथी पास. पाचवीत दोन महिने बसलो, मग मास्तरांनी उठवलं तो कायमचाच उठलो. पुढं जन्मभर भांड्यांना कल्हई केली. भाता, कोळसा, नवसागर, कथील आणि गावोगाव ओरडत फिरणं. परीक्षेवर पहारा करायला शिकलेली माणसं बसवतात हे मला माहीत होतं. मला बसवतील असं वाटलं नव्हतं. पण बसवलं. डोळ्यांच्या परीक्षेवर.

आमच्या पंचवटीत रविवारी गाडी घेऊन खेड्यांत जाणारी एक मंडळी आहे. एक निवृत्त मास्तर, एक बँकेतला, एक औषधाच्या दुकानवाला आणि चार-पाच बायका. शाळेत नाहीतर देवळाच्या मंडपात टेबल मांडायचं, म्हाताऱ्यांचे डोळे तपासायचे, मोतीबिंदू निघाला की माणसाला नाशिकला आणायचं, ऑपरेशन करवायचं आणि परत त्याच्या दारात सोडायचं. सगळं फुकट. माझी बायको ह्यांच्यात होती. मी नव्हतो. मला रविवारी झोप यायची.

बायकोचा स्वतःचा मोतीबिंदू काढला तेव्हापासून तिला हे वेड लागलं. पट्टी सुटल्यावर काय झालं ते ती प्रत्येक गावात सांगायची. "पहिलं काय दिसलं, तर आमचे हे. मी डॉक्टरांना म्हटलं, पट्टी परत बांधा." बाया हसायच्या आणि ऑपरेशनला तयार व्हायच्या. माझ्या तोंडाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणी केला नाही.

तिच्या ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायचं काम माझ्याकडं आलं. माझा हात कल्हईवाल्याचा. तापलेल्या पातेल्यात कथील फिरवायला बनलेला. पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा नाकपुडीत.

"अहो, डोळा इकडं आहे. तो कान."

"हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? तुम्ही हलताय."

"मग बाटली हलत असेल."

चार-पाच खेपांनंतर कसाबसा एखादा आत जायचा, पण ते ती मान्य करायची नाही. "महिन्यात एक थेंब सरळ डोळ्यात पडला असेल तर शपथ," असं ती शेजारणींना सांगायची. आणि मला म्हणायची, "तुमची पाळी येऊ द्या. एकेक थेंब असा घालीन ना, बघाच." माझ्या डोळ्यांत तेव्हाच पांढरं यायला लागलं होतं. पाडाला आलेला आंबा चाचपावा तशी ती रोज सकाळी माझी पापणी वर करून बघायची आणि खूश होऊन म्हणायची, "पिकतोय, पिकतोय."

पिकायच्या आधी तीच गेली. सकाळी चहाला आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून खाली बसली ती बसलीच. शेजारी जमले, डॉक्टर आला, सगळं झालं. आधण तसंच गॅसवर होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. पातेलं काळंठिक्कर पडलं. कल्हईवाल्याच्या घरात जळकं पातेलं. मी ते घासलं नाही, फडताळात ठेवून दिलं.

तेव्हाच मी ठरवलं की ऑपरेशन करायचं नाही. माझ्या डोळ्यात थेंब घालायचा हक्क तिचा होता, तिनं तो बोलून ठेवला होता. ती नाही तर कुणीच नको. आता हे कारण चारचौघांत सांगण्यासारखं नाही. लोक म्हणाले असते, म्हातारा खुळावला. म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो की मला चांगलं दिसतं.

पोरगी सुरतेला दिली आहे. ती रोज फोनवर विचारायची.

"बाबा, डोळे दाखवले?"

"दाखवले."

"काय म्हणाले?"

"छान आहेत म्हणाले."

छान कसले? उजव्यापुढं ढग, डाव्यापुढं धुकं. एकदा ताकात साखर घालून ते चहा समजून उकळलं. एकदा कोपऱ्यावरच्या गाईला शेजारीण समजून "पाणी आलं का?" असं विचारलं.

बायकोचा फोटो तर मी ह्याच डोळ्यांनी निवडला. माझ्याच मोबाईलमध्ये तिचे पाच-सहा होते. त्यातला एक उन्हातला होता, त्यात चेहरा उजळ दिसत होता. फ्रेमवाल्याकडं नेला. तो बघत राहिला. म्हणाला, "काका, हाच?" मी म्हटलं, "हाच." त्यानं परत विचारलं, "नक्की हाच मोठा करू?" मी म्हटलं, "तुला कामाचा कंटाळा आहे का?" त्यानं गुपचूप करून दिला. तेराव्याला तिचा भाऊ फोटोला फूल वाहायला वाकला आणि तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाला. मला वाटलं, भाऊच तो, भरून आलं असेल. पुढंही जो येई तो फोटोसमोर हात जोडी, ओठ चावी आणि माझ्याकडं न बघता पाणी मागे. माणसं किती हळवी असतात असं मला वाटायचं.

महिन्याभरानं रविवारच्या मंडळीतल्या दोन बायका तिचा पांढरा एप्रन आणि बिल्ला परत न्यायला आल्या. मी म्हटलं, "देत नाही." त्या म्हणाल्या, "काका, पण आम्हाला लागतो." मी म्हटलं, "मग आतल्या माणसासकट न्या." आणि एप्रन चढवला. बायकी मापाचा, गळ्याला झालर, पाठीवर गाठ बसेना. त्या दोघींनीही ओठ चावले. पण रविवारी घरात भांडायला कुणी नव्हतं, आणि एकट्यानं भांडता येत नाही. मी करून बघितलंय.

माझ्याकडं काम आलं ओरडायचं. कल्हईवाल्याला भोंगा लागत नाही. गाडीतून उतरलो की मी वेशीपासून सुरू व्हायचो. "डोळे तपासाऽऽ! मोतीबिंदू फार पिकू देऊ नकाऽऽ! मग ऑपरेशन अवघड जातं, डोळा कायमचा जातोऽऽ!" हे वाक्य मास्तरांनी पाठ करून दिलं होतं. मी दिवसातून पन्नासदा ते ओरडायचो आणि पन्नासदा ते पहिलं माझ्याच कानात शिरायचं.

आता तक्त्याचं सांगतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अक्षरांऐवजी एक खूण असते, एक उभी दांडी आणि तिला तीन दात. एक वर तोंड करून, एक खाली, एक उजवीकडं, एक डावीकडं. वरती मोठाले आणि खाली येता येता बारीक. शेतकरी माणूस ते बघितल्याबरोबर म्हणतो, हे तर दाताळं. शेतात काडीकचरा ओढायचं असतं ते. म्हणून आम्हीही विचारायचो, "दाताळ्याचं तोंड कुणीकडं?" आणि समोरच्यानं हातानं दाखवायचं.

पहिल्यांदा विंचूरकडच्या एका गावात गेलो. सगळे म्हातारे रांगेत. पहिला मोठ्यानं म्हणाला, "वर, उजवं, खाली, डावं." दुसरा म्हणाला, "वर, उजवं, खाली, डावं." विसावा तर खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला. तपासणाऱ्या मॅडम चक्रावल्या. मॅडम म्हणजे डोळे तपासायचं रीतसर शिकलेल्या, तिशीच्या, कडक. त्यांनी लिहिलं, सगळ्या गावाची नजर घारीसारखी. मग त्यातला एक घारीच्या नजरेचा उठला, मंडपाच्या खांबाला धडकला आणि खांबाला "रामराम पाव्हणं" म्हणाला.

मॅडमनी विचारलं, "आजोबा, खोटं का सांगितलं?"

आजोबा म्हणाले, "मागं माझे व्याही उभे हायेत. त्यांच्यासमोर नापास व्हायचं का?"

तेव्हापासून मी सुपरवायझर. रांग बाहेर ठेवायची, एकेकाला आत सोडायचं, कुणी कॉपी करत असेल तर धरायचं. शिवाय वेताची काठी घेऊन तक्त्याजवळ उभं राहायचं आणि एकेक दाताळं दाखवायचं. मला तक्ता दिसत नव्हता. पण खिळ्यापासून एक वीत खाली पहिली ओळ, दोन वीत खाली दुसरी, असं मी हातानं मापून ठेवलं होतं. कधी मॅडम म्हणायच्या, "काका, काठी भिंतीवर लागतेय." मी म्हणायचो, "पोपडे झाडतोय." असं करून सव्वा वर्ष काढलं. सगळा तक्ता मला तोंडपाठ झाला होता. चौथीपर्यंत पाढे पाठ झाले नाहीत, हा झाला.

मग एका शाळेत तक्ता व्हरांड्यात टांगला होता आणि मी पहाऱ्यावर होतो. कुणीतरी बुटकं माणूस तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन उभं राहिलं. मी ओरडलो, "आजी, मागं व्हा! जवळून बघायचं नाही!" आजी ऐकेना. मी परत ओरडलो, "तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" मॅडम बाहेर आल्या. ती शेळी होती. तक्त्याच्या खालच्या दोन ओळी तिच्या पोटात गेल्या होत्या. मॅडमनी तक्ता गुंडाळला, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं, खालच्या दोन ओळी तशाही कुणाला दिसत नव्हत्या. सुटलो.

पुढचा रविवार निफाडच्या पलीकडं, द्राक्षबागांमधलं एक गाव. मारुतीच्या मंडपात टेबल मांडलं. मी दारात. एक उंच आकृती डोक्याला पंचा गुंडाळून आली.

"आबा, चपला बाहेर," मी म्हटलं.

"आबा कुणाला म्हणतेस गं बाई?" आकृतीनं माझ्या गळ्याची झालर चाचपली. "म्या बाईमाणूस हाय."

"मीपण बाई नाही," मी म्हटलं.

"मंग झालरीचं का घातलंय?"

मागून तिची सून धावत आली. तिनं सांगितलं की ही तिची सासू, दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो, पण कबूल करत नाही. कालच वरणात साबणाचा चुरा टाकला. "आणि म्हणतात, फेस चांगला आलाय."

"मला समदं दिसतं," म्हातारी म्हणाली. "मला ऑपरेशन नको."

मी माझं सुरू केलं. "आजी, मोतीबिंदू फार पिकू देऊ नकाऽऽ—"

म्हातारीनं हात वर केला. "थांब," ती म्हणाली. "ह्यो आवाज मला माहीत हाय. तू कल्हईवाला न्हवं का?"

मी म्हटलं, "होतो."

"ह्याच गावात यायचा का न्हाई?"

"यायचो."

"आरं मेल्या!" तिनं सगळ्या मंडपाला सांगितलं. "माझ्या लेकीच्या बारशाच्या दिवशी ह्यानं माझं पातेलं जाळलं! माहेरचं पातेलं! बुडाला भोक पाडलं आणि वर म्हणतो, पातळच व्हतं!"

मला आठवत नव्हतं. पण कल्हईवाल्यानं जन्मात पातेलं जाळलं नाही असं होत नाही, म्हणून मी ठामपणे नाहीही म्हणू शकलो नाही. मी म्हटलं, "पातळ असेल."

"बघा! अजून तेच म्हणतोय!" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ज्याला पातेलं धड कळलं न्हाई, त्याच्या सांगण्यावरनं म्या डोळा देऊ? आणि मला आबा म्हणतो. मॅडम, पयलं ह्याचं डोळं तपासा. ह्यो पास झाला तर मी जाते ऑपरेशनला, गप जाते."

सून माझ्या पाया पडायचीच राहिली होती. "काका, बसा ना हो. दोन वर्षं झाली मनवतेय." मास्तर म्हणाले, "बसा, बसा, पाच मिनिटांचं काम." सगळा गाव मंडपात आला. रांग मोडली, आणि मोडणारा सुपरवायझर मीच.

मी बसलो. मला भीती नव्हती. अख्खा तक्ता पोटात होता. मॅडमनी माझा एक डोळा झाकला, काठी हातात घेतली आणि पहिलं दाताळं दाखवलं.

"वर," मी म्हटलं.

"पुढचं?"

"उजवं. खाली. डावं." मला चेव आला. मॅडम काठी हलवायच्या आधीच मी पुढची ओळ म्हटली. "खाली, खाली, उजवं, वर, डावं." मग तिसरी, मग चौथी. शेळीनं खाल्लेल्या दोन ओळीसुद्धा म्हटल्या. एका दमात. शाळेत असताना माझं एवढं कधी कुणी ऐकून घेतलं नव्हतं. झाल्यावर मी मंडपाकडं तोंड करून बसलो. टाळ्या येतील असं वाटत होतं.

मग एक बारीक हसू फुटलं, मग दुसरं, मग मारुतीच्या घंटेपर्यंत हसू पोहोचलं.

म्हातारी ओरडली, "काय झालं? बरोबर सांगितलं का?"

"आजी," मॅडम म्हणाल्या, "एकसुद्धा नाही."

मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "काका, हा तक्ता नवा आहे. सकाळपासून नवाच लावलाय."

सकाळपासून मी त्याच तक्त्यावर काठी फिरवत होतो.

मॅडमनी टॉर्च घेऊन दोन्ही डोळे बघितले. त्यांचा आवाज कडक राहिला नाही. उजवा फार पिकलाय म्हणाल्या, आणखी थांबलात तर अवघड होईल. हे वाक्य माझंच होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ते वेगळं लागलं. त्यांनी विचारलं, "काका, तुम्ही तर लोकांना आणता. स्वतः का नाही?"

मी म्हटलं, "मर्जी."

म्हातारी चाचपत माझ्या खुर्चीपाशी आली. तिनं माझं मनगट धरलं, घट्ट. "भितो का रं?" तिनं विचारलं. आवाज खाली आणला होता, पण तिचा खाली आणलेला आवाजही वेशीपर्यंत जाईल असा होता.

"नाही."

"म्या भिते," ती म्हणाली. "बाहेर सांगू नको." सगळ्या मंडपानं ऐकलं. मग ती म्हणाली, "असं करू. तू आधी जा. तुझं पातेलं न जळता निघालं, तर माझं चढव."

मी तिच्या सुनेच्या आवाजाच्या दिशेनं बघितलं. माझा नकार आता माझ्या एकट्याचा राहिला नव्हता. मी नाही म्हटलं असतं तर म्हातारी जन्मभर साबणाचं वरण खाणार होती, आणि सूनही. आणि माझी बायको असती तर एप्रनची गाठ धरून तिनं मला गाडीत टाकलं असतं.

मी म्हटलं, "चला."

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. मी भुलीच्या थेंबानंतरही गप्प बसलो नाही एवढंच डॉक्टरांचं गाऱ्हाणं होतं. माझं होताच म्हातारी आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा सगळ्यांना बाकावर बसवून पट्ट्या काढल्या. माझी काढली. भिंत दिसली. भिंतीवर पाल दिसली, पालीचे डोळे दिसले. मी पालीकडं इतका वेळ बघत बसलो की नर्स म्हणाली, "बाबा, ओळखीची आहे का?"

मग म्हातारीची काढली. तिनं आधी सुनेकडं बघितलं, म्हणाली, "किती वाळलीस गं." सून रडली. मग ती माझ्याकडं वळली. वरपासून खालपर्यंत बघितलं. परत खालपासून वरपर्यंत.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली.

"काय?"

"कल्हईवाला ह्यो न्हवं. तो उंच व्हता. गोरा व्हता. दिसायला देखणा व्हता."

"मग माझं काय?"

"तुझं उगंच झालं," म्हातारी म्हणाली आणि सुनेला म्हणाली, "ह्याला चहा पाज."

घरी आलो काळा चष्मा लावून. पोरगी सुरतेहून आली, चार दिवस राहिली, चार दिवस तिनं थेंब घातले. मग तिला जावं लागलं, तिच्या पोरांची परीक्षा होती. जाताना म्हणाली, "बाबा, मी राहू का?" मी म्हटलं, "जा. मी घालतो." घातला. मिशीत गेला. दुसरा कॉलरमध्ये गेला. थेंब पुढं महिनाभर चालू ठेवायचे होते. जे कारण मी सगळ्यांपासून दडवून ठेवलं होतं ते आता बाटलीसकट हातात होतं.

मग मी एक केलं. दाराबाहेरच्या ओट्यावर बसलो. शेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवला, हातात बाटली घेतली, आणि गल्लीत कल्हईच्या सुरात ओरडलो, "थेंब घालाऽऽ!"

पहिली भाजीवाली आली. मी म्हटलं, "मावशी, हात धू, मिरच्या विकतेस." तिनं धुतले, परत धुतले, आणि माझं तोंड दुधीभोपळा धरावा तसं एका हातात धरून बरोब्बर घातला. दुपारी रिक्षावाला. त्यानं रिक्षा गल्लीत आडवी लावली, मागं सगळे हॉर्न वाजवत होते, तो म्हणत होता, "थांबा रे, डोळ्याचं काम चालूय!" संध्याकाळी गुरुजी स्कूटरवरून रामकुंडाकडून येत होते. दिवसभर लोकांच्या पितरांना पाणी देऊन आलेला माणूस. सवयीनं थेंब घालता घालता तोंडानं काहीतरी पुटपुटायला लागले. मी म्हटलं, "गुरुजी, मी अजून जिवंत आहे." ते दचकले आणि थेंब कानात गेला. एकदा कुरियरवाल्याला पकडलं. त्यानं नीट घातला आणि मग म्हणाला, "काका, सही करा." मी म्हटलं, "डोळे मिटलेत, तूच कर."

बायको असती तर तिनं एकटीनं महिनाभर छळलं असतं. ती नव्हती तर सगळ्या गल्लीनं वाटून घेतलं. कुणी हसत घातला, कुणी घाईत घातला, पण एकही दिवस चुकला नाही.

ह्या महिन्यात मी घर बघितलं. जाळी काढली. फडताळातलं पातेलं काढलं, चिंच आणि राख घेऊन दोन दिवस घासलं, त्याला पुन्हा कल्हई केली. तोंड दिसेल असं चकचकीत केलं. पण फोटोकडं बघितलं नाही. आतल्या खोलीत आहे तो, भिंतीला उंच. हार घालायचो तो खाली बघून. अंधुक होतं तोवर ती भिंतीवर आहे असं वाटायचं. स्वच्छ दिसलं की कागद दिसेल, ह्याची भीती होती. ऑपरेशनची नव्हती.

थेंबांची बाटली संपली त्या दिवशी शेवटचा थेंब भाजीवालीनं घातला. मी आत गेलो, काळा चष्मा काढला, स्टूल घेतलं, त्यावर चढलो आणि फोटोसमोर तोंड नेलं.

बायकोचा एक डोळा गच्च मिटलेला होता. दुसरा माझ्यावर वटारलेला. तोंड उघडं, नाक चढलेलं, शिवी अर्धी बाहेर. मिटल्या डोळ्यातून गालावर पाण्याचा ओघळ. असा तो फोटो, चंदनाच्या हारात. ह्याच्यासमोर तिचा भाऊ रुमाल दाबून पळाला होता. ह्याच्यासमोर दीड वर्ष नाशिक शहरातली निम्मी नातेवाईक मंडळी ओठ चावून पाणी मागत होती.

मी स्टुलावरच बसलो आणि पोरीला फोन लावला.

"अगं, हा फोटो!"

ती म्हणाली, "दिसला का तुम्हाला?"

"तुम्ही कुणी सांगितलं का नाही?"

"बाबा, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम लावलाय. तुमचं काही सांगता येतं का?" आणि मग ती हसायला लागली, दीड वर्षाचं साठलेलं, आणि हसता हसता रडायला लागली. "तो तुम्हीच पाठवला होता मला. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा. डोळा लाल आहे का बघते, फोटो पाठवा म्हटलं होतं. तुम्ही थेंब घातला आणि लगेच काढला."

मला आठवलं. दाराबाहेरच्या त्याच ओट्यावर, उन्हात. एका हातात बाटली, एका हातात मोबाईल.

"बदला आता तो," पोरगी म्हणाली. "दुसरा चांगला पाठवते."

मी म्हटलं, "नको. राहू दे."

बदलला नाही. रोज सकाळी स्टुलावर चढतो, हार घालतो आणि पहिल्यांदा तो मिटलेला डोळा बघतो. कपाळ कोरडं आहे. नाक कोरडं आहे. कान कोरडा आहे. तो थेंब सरळ डोळ्यात पडला होता.